रेघेत मावेल तेवढे युद्ध : सैनिकांचा मानसिक आघात आणि चित्रोपचार

चित्रोपचार हा मानसोपचाराचा एक प्रकार आहे. प्रशिक्षित उपचारकाच्या सोबतीने रुग्ण कागद, रंग, कोळसा, माती किंवा मासिकांची कात्रणे घेऊन काहीतरी घडवतो आणि मग जे घडले त्याकडे दोघे मिळून पाहतात. चित्र चांगले जमले की बिघडले, हा प्रश्न तिथे नसतो. रुग्णाने चित्रकला शिकावी अशी अपेक्षा नसते. चित्रावरून उपचारकाने त्याचा स्वभाव ओळखून दाखवावा, अशीही नसते. सुटीच्या दिवशी रंगपेटी घेऊन बसल्यावर जो विरंगुळा मिळतो तो खरा आहे, पण त्याला उपचार म्हणत नाहीत. हा फरक सुरुवातीलाच ध्यानात ठेवलेला बरा, कारण या विषयावरचा निम्मा गोंधळ त्यातूनच होतो.

ज्या विकारासाठी सैनिकांना हा उपचार दिला जातो त्याला आघातोत्तर ताणविकृती किंवा सरळ पीटीएसडी म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत हे नाव घेतले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा त्यामागे मोठा रेटा होता. विकाराची लक्षणे ढोबळमानाने चार प्रकारची असतात. घडलेली घटना न बोलावता पुन्हा पुन्हा समोर येते. तिची आठवण करून देणारी प्रत्येक गोष्ट माणूस टाळू लागतो. स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मन कडवट किंवा बधिर होते. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखे राहते. दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला की इतर लोक दचकून हसतात. हा माणूस जमिनीवर पडून आडोसा शोधतो. इंग्लंडमधील केंब्रिजच्या मिडसमर कॉमन मैदानावर दर नोव्हेंबरला गाय फॉक्स रात्रीच्या निमित्ताने होणारी आतषबाजी तिथल्या माजी सैनिकासाठी हाच प्रसंग उभा करू शकते.

प्रत्येक सैनिकाला हा विकार होतो, ही समजूत चुकीची आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील लष्करी आरोग्य संशोधन केंद्राच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ब्रिटिश सैनिक आणि माजी सैनिकांमध्ये संभाव्य पीटीएसडीचे प्रमाण सुमारे ६ टक्के आढळले. इराक किंवा अफगाणिस्तानात प्रत्यक्ष लढाऊ भूमिकेत असलेल्या आणि नंतर सैन्य सोडलेल्यांत मात्र ते सुमारे १७ टक्के होते. सैन्यात असेपर्यंत पलटण माणसाला धरून ठेवते. गणवेश उतरला की तो आधार सुटतो, हे या आकड्यांमागचे एक संभाव्य कारण आहे.

या विकाराच्या इतिहासात केंब्रिजचे नाव अगदी आरंभी येते. केंब्रिजमध्ये प्रायोगिक मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी करणारे चार्ल्स सॅम्युएल मायर्स पहिले महायुद्ध सुरू होताच फ्रान्सला गेले आणि ल तुके येथील युद्धरुग्णालयात काम करू लागले. फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी तीन सैनिकांची हकिकत छापली. ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात पहिल्यांदा आला तो याच लेखाच्या शीर्षकात. शब्द आपण घडवला नाही, तो आधीच सैनिकांच्या तोंडी होता, असे मायर्स पुढे सांगत असत. पहिला रुग्ण वीस वर्षांचा होता. काटेरी तारेत अडकलेला असताना त्याच्या आसपास गोळे फुटले. त्यानंतर त्याची दृष्टी अंधूक झाली, वास आणि चव गेली. कानांना मात्र जवळजवळ काही झाले नव्हते. मायर्स यांनी रुग्णांच्या दृष्टिक्षेत्राचे आलेख काढून लेखात दिले. शेल शॉकची ही सर्वांत जुन्यांपैकी चित्रे. काढली डॉक्टरने, सैनिकाच्या हाती पेन्सिल यायला अजून बराच काळ होता.

त्याच काळात केंब्रिज शहरात जखमींचे लोंढे येत होते. कॅम नदीच्या पश्चिमेला, किंग्ज आणि क्लेअर या महाविद्यालयांच्या क्रिकेटच्या मैदानावर ‘फर्स्ट ईस्टर्न जनरल हॉस्पिटल’ उभे राहिले. लाकडी बराकींची एक बाजू पूर्ण उघडी होती. मोकळी हवा हे औषध मानले जात असल्याने रुग्ण थंडीवाऱ्यातही तीन भिंतींच्या आडोशाला पडून असत. क्रिकेटच्या हिरवळीसमोर रांगेने मांडलेल्या खाटांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. १९३४ साली त्याच जागेवर विद्यापीठाच्या ग्रंथालयाची इमारत उघडली. पुस्तके मागवायला येणाऱ्या फार थोड्यांना खालच्या जमिनीचा हा इतिहास ठाऊक असतो.

मायर्स यांचे केंब्रिजमधील ज्येष्ठ सहकारी विल्यम रिव्हर्स यांचे काम या विषयाच्या अधिक जवळचे आहे. ते सेंट जॉन्स कॉलेजचे फेलो होते. भारतीय वाचकाला ते निलगिरीतील तोडा लोकांवरच्या १९०६ च्या ग्रंथामुळे माहीत असतील. १९१६-१७ मध्ये त्यांनी एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात अधिकाऱ्यांवर उपचार केले. कवी सिगफ्रिड ससून त्यांचाच रुग्ण. त्या काळी सर्वसाधारण सल्ला ‘विसरून जा, मन दुसरीकडे रमवा’ असा असे. डिसेंबर १९१७ मध्ये लंडनला वाचलेल्या निबंधात रिव्हर्स यांनी नेमके याच्या विरुद्ध मत मांडले : आठवण दडपल्याने ती रात्री दुप्पट जोराने येते.

त्या निबंधातील दोन रुग्ण चित्रोपचाराच्या आजच्या चर्चेतही उपयोगी पडतात. एका अधिकाऱ्याने आपल्या मित्राचे तुकडे झालेले शरीर पाहिले होते आणि तेच दृश्य रोज स्वप्नात येत होते. शरीराची ती अवस्था म्हणजे मृत्यू क्षणात आला, मित्राला यातना झाल्या नाहीत याचा पुरावा आहे, हे रिव्हर्स यांनी त्याच्या लक्षात आणून दिले. पुढे स्वप्न आले तेव्हा तो मित्राच्या मृतदेहाजवळ जाऊन घरच्यांना पाठवण्यासाठी त्याच्या वस्तू काढून घेत होता. दृश्य तेच, पण भीती गेलेली. दुसऱ्या अधिकाऱ्याला स्फोटाने उडवले आणि त्याचे तोंड कित्येक दिवसांपूर्वी मेलेल्या शत्रूसैनिकाच्या फुगलेल्या पोटावर आपटले. या दृश्याला जोडता येईल असा दिलाशाचा एकही धागा रिव्हर्स यांना सापडला नाही आणि तसे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. आठवणीला सामोरे जायचे तर तिच्यात धरायला काहीतरी लागते. शंभर वर्षांनंतरही उपचारकांची अडचण इथेच येते.

रिव्हर्स यांच्याबद्दलची एक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. त्यांना स्वतःला मनात चित्रे जवळजवळ दिसतच नसत. पाच वर्षांचे असेपर्यंत ज्या घरात ते राहिले त्याचा तळमजला त्यांना आठवे, वरचा मजला अजिबात नाही, आणि तिथे काहीतरी घडले असावे असा त्यांचाच तर्क होता. दृश्य-आठवणींनी छळलेल्या सैनिकांचा हा डॉक्टर स्वतः त्या बाबतीत जवळपास आंधळा होता. जून १९२२ मध्ये केंब्रिजमध्येच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ब्रिटिश युद्धखात्याच्या समितीचा शेल शॉकवरचा अहवाल आला. त्या समितीसमोर साक्ष द्यायला मायर्स यांनी नकार दिला होता. त्या आठवणी उकरणे त्यांना असह्य होते. युद्धात पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना मरणोत्तर माफी मिळायला २००६ साल उजाडले.

चित्रोपचाराचा जन्म केंब्रिजमध्ये झाला नाही. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपी’ हा शब्द रूढ केला तो एड्रियन हिल यांनी, १९४२ साली. हिल स्वतः पहिल्या महायुद्धातले सैनिक. टेहळणी तुकडीत असताना दोन्ही खंदकांमधल्या निर्मनुष्य पट्ट्यात जाऊन ते शत्रूच्या ठाण्यांची रेखाटने करत. पुढे ते अधिकृत युद्धचित्रकार झाले. १९३८ मध्ये क्षयरोगाने त्यांना ससेक्समधील मिडहर्स्टच्या आरोग्यधामात आणले. अंथरुणावर पडल्या पडल्या चित्रे काढताना आपल्याला बरे वाटते, हे त्यांनी पाहिले. मग इतर रुग्णांना आणि दुसऱ्या महायुद्धातून तिथे येऊ लागलेल्या जखमी सैनिकांना त्यांनी चित्रे काढायला लावली. काही जण नुसतीच रंगांत बुडाले, काहींनी पाहिलेले भीषण प्रसंग काढले. हिल यांचे ‘आर्ट व्हर्सस इलनेस’ हे पुस्तक १९४५ मध्ये आले. म्हणजे या उपचाराचे नाव क्षयाच्या रुग्णालयातून आलेले आहे, मनोरुग्णालयातून नव्हे.

बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात त्याच सुमारास वेगळा प्रयोग चालला होता. तिथे रुग्ण-सैनिकांचे गट करून उपचार होत आणि लॉरेन्स ब्रॅडबरी या सार्जंटच्या देखरेखीखाली चित्रकलेसाठी स्वतंत्र झोपडी होती. ब्रॅडबरी उपचार करत नव्हते, अर्थही लावत नव्हते. साहित्य द्यायचे आणि गोंधळ सोसायचा, एवढेच त्यांचे काम. १९४६ मध्ये एडवर्ड अ‍ॅडमसन सरेमधील नेदर्न मनोरुग्णालयात रुजू झाले आणि चित्रोपचार मनोरुग्णालयात शिरला. केंब्रिजच्या वेशीवरच्या फुलबोर्न मनोरुग्णालयात १९५३ पासून डेव्हिड क्लार्क यांनी कुलूपबंद वॉर्ड उघडले आणि रुग्णांना कामाला, गटाच्या निर्णयांत सहभागाला लावले. क्लार्क युद्धात छत्रीधारी दलाबरोबर डॉक्टर होते. लष्करातून आलेली गटाची सवय ब्रिटिश मानसोपचारात मुरत गेली ती अशा माणसांमुळे.

चित्रच का? बोलून काम होत असेल तर रंग कशाला? या प्रश्नाच्या उत्तरात केंब्रिज पुन्हा येते.

मायर्स यांच्यानंतर तिथली प्रयोगशाळा सांभाळणारे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ‘रिमेम्बरिंग’ या ग्रंथात स्मृती म्हणजे जपून ठेवलेली प्रत नव्हे, ती प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते, असा सिद्धान्त मांडला. त्यांचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध आहे. इजिप्शियन चित्रलिपीतील घुबडाची आकृती एकाला दाखवायची, त्याने ती आठवून काढायची, त्याचे चित्र दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला. कागदामागून कागद होता होता घुबडाचे मांजर झाले. कोणी मुद्दाम बदलले नव्हते. प्रत्येकाने आपल्याला ओळखू येईल तिकडे रेघ थोडी ढकलली होती. चित्रोपचाराची आशा आणि त्याचा धोका, दोन्ही या घुबडात आहेत. आठवण काढल्याने ती बदलू शकते म्हणून उपचार शक्य आहे. आणि आठवण काढल्याने ती बदलते म्हणूनच उपचारात काढलेले चित्र घटनेचा पुरावा मानता येत नाही.

आघाताची आठवण मात्र बार्टलेट यांच्या नियमाला दाद देत नाही असे वाटते. ती वर्षानुवर्षे तशीच येते : तोच वास, तोच प्रकाश, तोच क्षण. १९९६ मध्ये ख्रिस ब्रुइन, वैद्यक संशोधन परिषदेच्या केंब्रिजमधील संस्थेत पुढे दीर्घकाळ काम केलेले टिम डॅल्ग्लीश आणि स्टीफन जोसेफ यांनी याचे एक स्पष्टीकरण दिले. त्यांच्या मते आघाताची नोंद दोन ठिकाणी होते. एक नोंद शब्दांतून सांगता येते, तिला आधी-नंतर असतो. दुसरी ज्ञानेंद्रियांची असते. ती मागून मिळत नाही, पण एखादा आवाज किंवा वास आला की आपण होऊन उसळते. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या एका छोट्या मेंदूचित्रण अभ्यासात आघाताची आठवण जागी केली असता भाषेशी संबंधित ब्रोका भागातील हालचाल मंदावलेली दिसली. शब्द फुटत नाहीत ही केवळ म्हण नसावी. चित्रोपचारकांचा दावा यावरच उभा आहे : जी नोंद दृश्य आहे तिला दृश्यातून गाठावे, ती कागदावर आली की मग शब्द देता येतात. दावा पटण्यासारखा आहे. तो थेट सिद्ध झाला आहे असे मात्र म्हणता येत नाही.

केंब्रिजच्या चॉसर रोडवरील याच संस्थेत एमिली होम्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग दुसऱ्या बाजूने प्रकाश टाकतो. सहभागींना अपघात-मृत्यूची दृश्ये असलेली फिल्म दाखवली. दुसऱ्या दिवशी त्यातील क्षण पुन्हा जागे करून त्यांना टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला लावले. पुढच्या आठवड्यात त्यांना नको असलेल्या आठवणी इतरांपेक्षा कमी आल्या. डोळ्यांना आणि अवकाशाच्या जाणिवेला गुंतवणारे काम त्या दृश्याशी जागेसाठी झगडते, अशी कल्पना. ऑक्सफर्डमधील आधीच्या एका प्रयोगात शब्दांची प्रश्नमंजूषा सोडवणाऱ्यांच्या घुसखोर आठवणी उलट वाढल्या होत्या. कोळशाने कागद काळा करणाऱ्या हातालाही हेच होत असेल का, हा तर्क मोहक आहे. पण प्रयोग खेळाचा होता, चित्राचा नव्हे. आणि फिल्म पाहणे म्हणजे अफगाणिस्तानातील हेल्मंडमध्ये गस्त घालणे नव्हे.

त्याच संस्थेतील मायकेल अँडरसन यांचे काम तर रिव्हर्स यांच्याशी उघड वाद घालणारे आहे. २०२३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी झुल्काय्दा मामात यांनी १६ देशांतील १२० जणांना तीन दिवस भीतीदायक विचार दडपण्याचे शिक्षण दिले. विचार दुप्पट जोराने परत आले नाहीत. उलट ते फिके झाले, मनःस्थिती सुधारली, आणि आघाताची लक्षणे असलेल्यांनाही फायदा झाला. मग ‘दडपू नका’ म्हणणारे रिव्हर्स चुकले का? तसे नाही. दडपणे आणि टाळत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हुकमी दडपायला आधी त्या आठवणीकडे क्षणभर तरी पाहता आले पाहिजे. चित्रोपचाराचे खरे वैशिष्ट्य इथेच सापडते. कागदावरचे दृश्य समोर धरता येते, टेबलावर उलटे ठेवता येते, फोल्डरमध्ये घालून कपाटात बंद करता येते आणि पुढच्या आठवड्यात बाहेर काढता येते. डोक्यातल्या दृश्यावर ही सत्ता नसते. चित्र काढण्याच्या क्रियेइतकेच ते झाकता येणे महत्त्वाचे, असे या साऱ्या संशोधनातून सुचते.

प्रत्यक्ष सत्र साधेच असते. सहा-आठ जणांचा गट, दीड तासाच्या आसपास वेळ. खोलीचे दार दिसेल अशी बसण्याची सोय, कारण दाराकडे पाठ करून बसणे यांतील अनेकांना जमत नाही. एखादा विषय, बहुधा एकच शब्द : पूल, सावली, ओझे. पहिला बराच वेळ कोणी बोलत नाही. चित्र येत नाही म्हणणारा कात्रणे चिकटवतो. नंतर प्रत्येक जण आपल्या कागदाबद्दल हवे तेवढे बोलतो, किंवा बोलत नाही. ‘जे पाहिले ते काढ’ असे सांगितले जात नाही. काही जण थेट युद्धावर येतात, काही महिनोनमहिने फक्त समुद्रच काढतात. समुद्र काढणारा प्रगती करत नाही असे समजण्याचे कारण नाही. चित्रे उपचारकाच्या ताब्यात, नाव झाकून, कुलपात राहतात. ती प्रदर्शनात लावायची की नाही हे रुग्णाच्या लेखी संमतीवर ठरते.

मुखवट्यांचा प्रयोग सर्वांत जास्त गाजला. अमेरिकेत बेथेस्डा येथील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाच्या आवारात २०१० मध्ये ‘नॅशनल इंट्रेपिड सेंटर ऑफ एक्सलन्स’ सुरू झाले. मेंदूला मार बसलेले आणि मानसिक आघात झालेले सैनिक तिथे येतात. चित्रोपचारक मेलिसा वॉकर त्यांच्यापुढे कोरा मुखवटा ठेवत. ‘हा काय बालवाडीचा वर्ग आहे का?’ या थाटात सुरुवात होते. मग कोणी चेहरा मधोमध फाडतो, कोणी ओठ शिवतो, कोणी अर्ध्या भागावर झेंडा आणि अर्ध्यावर कवटी काढतो. वॉकर, गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा ३७० मुखवट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शरीराच्या जखमा, मनाच्या जखमा, गमावलेले साथी, पलटणीची ओळख, दुभंगलेला ‘मी’ असे विषय त्यांत वारंवार येतात. पुढच्या अभ्यासात पलटणीशी नाते दाखवणारे मुखवटे करणाऱ्यांची पीटीएसडीची लक्षणे कमी दिसली, तर लष्करी चिन्हांचे तुकडे करून लावणाऱ्यांत चिंता अधिक. अर्थात हे सहसंबंध आहेत. झेंडा रंगवल्याने कोणी बरा होतो असा त्याचा अर्थ नाही.

आता पुराव्याचे पाहू. इथे या विषयाचे चाहते आणि टीकाकार दोघेही आवाज चढवतात, पण पुरावा मुळात थोडा आहे. आघातग्रस्त प्रौढांवरील चित्रोपचाराचा एक पद्धतशीर आढावा नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. निकषांत बसणारे तुलनात्मक अभ्यास त्यांना सहाच मिळाले. त्यांतील निम्म्यांत आघाताची लक्षणे लक्षणीय घटली होती. सैनिकांवरचा यादृच्छिक चाचणीचा एक प्रयत्न अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना विचारप्रक्रियेवर काम करणारी नेहमीची थेरपी दिली आणि एका गटाला तिच्या जोडीला चित्रोपचार. लक्षणे दोन्ही गटांत कमी झाली. चित्रोपचाराची जोड मिळालेले अधिक समाधानी होते. पण सहभागी मोजके होते. अशा संख्येवर मोठा निष्कर्ष उभारू नये. चित्रोपचारावर काळजीपूर्वक मोठी चाचणी झाली ती ब्रिटनमध्ये, स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर. २०१२ मध्ये तिचा निकाल आला आणि गटातील चित्रोपचाराने काही फरक पडलेला दिसला नाही. आजार वेगळा होता हे खरे. तरी ‘कला सर्वांना बरे करते’ या विधानाला त्या निकालाने वेसण घातली.

मोजमापाची अडचणही खरी आहे. पीटीएसडीच्या प्रश्नावल्या दुःस्वप्ने, दचकणे, टाळणे मोजतात. ज्या माजी सैनिकाने वर्षानुवर्षे कोणाशी शब्द काढला नाही तो गटात येऊन बसला, चित्र दाखवू लागला, मग दुसऱ्या थेरपीला तयार झाला, हा फायदा त्या प्रश्नावलीत येत नाही. आघातकेंद्री उपचार मध्येच सोडणाऱ्या सैनिकांची संख्या मोठी असते. त्यांना दारापाशी धरून ठेवणारा उपचार म्हणून चित्रोपचाराकडे पाहिले तर त्याचे मोल वेगळे ठरते. उलट, अपराधाची बोच असलेल्यांचे काय? भीतीपेक्षा ‘मी जे केले’ किंवा ‘मी जे थांबवले नाही’ याने पोखरलेले सैनिक असतात. जोनाथन शे यांनी व्हिएतनाममधील सैनिकांच्या संदर्भात ज्याला नैतिक जखम म्हटले ती हीच. तिला प्रश्नावलीही नीट पकडत नाही आणि उपचारही. रिव्हर्स यांचा दुसरा रुग्ण अजून इथेच उभा आहे.

धोकेही आहेत. अप्रशिक्षित व्यक्तीने उत्साहाच्या भरात ‘तो प्रसंग काढा बरं’ म्हटले तर रुग्ण पुन्हा त्या प्रसंगात फेकला जाऊ शकतो. चित्राचा अर्थ बाहेरून लादला जाऊ शकतो. काळा रंग म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग ही रेडिमेड किल्ली सर्वस्वी निरुपयोगी आहे. आणि प्रदर्शनांचा मोह तर मोठाच. सैनिकाचे दुःख भिंतीवर टांगून टाळ्या मिळवणारे कार्यक्रम उपचाराच्या नावावर खपतात.

ब्रिटनमध्ये या बाबतीत व्यवस्था बरीच काटेकोर आहे. ब्रिटिश चित्रोपचारक संघटना १९६४ साली स्थापन झाली. १९९७ पासून या व्यवसायाला कायदेशीर नोंदणी आहे. ‘आर्ट थेरपिस्ट’ ही बिरुदावली नोंदणीशिवाय लावता येत नाही आणि नोंदणीसाठी पदव्युत्तर शिक्षण लागते. केंब्रिजमधील अँग्लिया रस्किन विद्यापीठात संगीतोपचार आणि नाट्योपचार शिकवले जातात. त्या विद्यापीठाचे मूळ १८५८ साली जॉन रस्किन यांच्या भाषणाने उघडलेल्या चित्रकला शाळेत आहे. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांवर संशोधन करणारी याच विद्यापीठाची संस्था मात्र चेम्सफर्डला आहे. केंब्रिजशायरमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर कलावर्गात जाण्याची सोयही आहे. पण ते वर्ग चित्रकार घेतात, त्यांना चित्रोपचार म्हणत नाहीत, आणि तसे न म्हणण्यातच त्यांचा प्रामाणिकपणा आहे.

माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थांत १९१९ साली स्थापन झालेली ‘कॉम्बॅट स्ट्रेस’ ही सर्वांत जुनी. सरेमधील लेदरहेड येथील तिच्या उपचारकेंद्रात जॅनिस लोबन यांनी अनेक वर्षे चित्रोपचार केला आणि त्यावर त्यांनी संपादित केलेला ग्रंथ या विषयाचे मुख्य इंग्रजी पुस्तक मानला जातो. राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या माजी सैनिकांसाठीच्या मानसिक सेवा इंग्लंडमध्ये २०२१ पासून ‘ऑप करेज’ या नावाखाली एकत्र आल्या आहेत. तरीही उपचारांच्या अधिकृत मार्गदर्शनाचा कौल वेगळा आहे. नाइस या संस्थेच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शिकेत पीटीएसडीसाठी आघातकेंद्री बोधात्मक-वर्तनोपचाराला पहिले स्थान आहे. डोळ्यांच्या हालचालींवर आधारित ईएमडीआर हा उपचारही त्यात सुचवला आहे, पण लढाईखेरीजच्या आघातासाठी. चित्रोपचार त्या शिफारशींत नाही. आजच्या पुराव्यावर हा निर्णय योग्यच म्हणावा लागतो. चित्रोपचार हा सिद्ध उपचारांच्या जोडीचा आणि त्यांच्यापर्यंत पोहोचवणारा उपचार आहे. त्यांच्या जागी बसणारा नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मायर्स यांचा लेख छापून आला त्याच वर्षाअखेर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूट येथे वेढ्यात सापडल्या होत्या. वेढा एप्रिल १९१६ च्या अखेरीस शरणागतीने संपला आणि उरलेले कैदेत गेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचा स्मृतिलेख आहे. परत आलेल्यांच्या रात्री कशा गेल्या याचा मात्र कुठे लेख नाही. क्रेगलॉकहार्ट अधिकाऱ्यांसाठी होते. शिपायाला, तोही वसाहतीतल्या, तसे काही नव्हते. जखमी जवानांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली निघाली आणि पुढे पुण्याजवळ खडकीला आली. खडकीतच १९७४ पासून अपंग सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. हातापायांची हालचाल गमावलेले काही जवान तिथे तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. ती चित्रे विकली जातात, त्यातून मान आणि कमाई मिळते. तोही पुनर्वसनाचाच भाग, मात्र तो चित्रोपचार नव्हे.

भारतीय सैन्यात मदत मागण्याच्या आड येते ती वैद्यकीय श्रेणी. ‘शेप’ या वर्गीकरणातील ‘एस’ हे अक्षर मनाचे. त्यात शेरा पडला की माणूस ‘एलएमसी’ झाला, म्हणजे खालच्या श्रेणीत गेला. बढती आणि नेमणूक दोन्ही अडतात. त्यामुळे झोप येत नाही हे जवान पाठदुखी म्हणून सांगतो. कागदावर काहीच लिहून न घेणारी चित्रांची खोली अशा माणसाला सोयीची वाटू शकते, पण तिथे बसणारी व्यक्ती प्रशिक्षित असायला हवी. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत कलोपचारकांचा उल्लेख आला आहे. ब्रिटनसारखी नोंदणी रुळायला वेळ लागेल. तोपर्यंत घरी परतलेल्या फौजीपुढे रंगपेटी ठेवायला हरकत नाही. मात्र काय काढायचे ते त्याला सांगू नये, काढलेल्याचा अर्थ विचारू नये, आणि झोप उडालेली असेल तर आधी डॉक्टरकडे न्यावे. सैन्यदलातील जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेली-मानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्यसेवेचा विशेष कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला आहे. टेली-मानसचा क्रमांक १४४१६.